कोऱ्या पट्टीचा कौल

संपादकांनी फोन करून ‘तुमचा यशाचा प्रवास’ लिहा असं सांगितलं, तेव्हा मी त्यांना म्हटलं, माझा प्रवास अल मजाजपासून शारजाच्या इंडस्ट्रियल एरियापर्यंत रोजचा पाऊण तास होता. आणि यश म्हणाल, तर ते मी डझनाने बनवून विकलं आहे. संपादक हसले आणि म्हणाले, मग तेच लिहा.

आमची कंपनी ट्रॉफ्या, मानचिन्हं, नेमप्लेट आणि उद्घाटनाच्या पाट्या बनवायची. दुकान दुबईत देराला, कारखाना शारजात. मी प्रॉडक्शन मॅनेजर. या धंद्यात बाहेरच्यांना वाटतं तेवढी कलाकुसर नसते. काचेवर वाळूचा फवारा मारून अक्षरं उठवतात, पितळेवर ती आम्लाने कोरतात, ॲक्रिलिकवर लेझर फिरतो. गिऱ्हाईक मजकूर पाठवतं, आपण तो वाचायचा नसतो, फक्त मोजायचा असतो. मी मात्र वाचायचो. पुण्यात वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर बालपण गेल्याचा हा परिणाम.

वाचल्यामुळे एक गोष्ट कळली. जगात इतकी उत्कृष्टता आहे, की ती ठेवायला जागा नाही. ‘बेस्ट एम्प्लॉयी’च्या ट्रॉफ्या आम्ही आधीच बनवून ठेवायचो, नाव नंतर. उद्घाटनाच्या पाटीवर प्रमुख पाहुण्यांचं नाव नेहमी वेगळ्या पट्टीवर कोरून चार स्क्रूंनी बसवायचं, हा आमच्याकडचा अलिखित नियम. कारण पाहुणे बदलतात. एका समारंभासाठी आम्ही तीन पाहुण्यांच्या तीन पट्ट्या तयार ठेवल्या होत्या, आणि ऐन वेळी चौथाच आला. पाटीवर चार भोकं तेवढी चमकत राहिली. फोटोत ती फार छान आली.

आणखी एक गृहस्थ आठवतात. देराच्या दुकानात ते स्वतःच आले, क्रिस्टलची उंची हाताने मापून पाहिली, आणि ‘लाइफटाइम अचिव्हमेंट’ लिहायला सांगितलं. नाव स्वतःचं दिलं. पुरस्कार देणाऱ्या समितीचं नाव विचारलं, तर म्हणाले, “वो आप लोग ही कुछ अच्छा सा डाल दो.” आम्ही डाललं. पुढे मला वाचनात आढळलं, की हजार वर्षांपूर्वी स्वीडनमध्येही एका बड्या माणसाने स्वतः जिवंत असताना स्वतःच्याच नावाचे दगड उभे केले होते. एक नव्हे, अनेक. तेव्हापासून त्या गृहस्थांबद्दलचं माझं मत सुधारलं. त्यांनी एकाच क्रिस्टलवर भागवलं होतं.

हे स्वीडनचे दगड माझ्या वाचनात येण्याचं कारण होते करण नावाचे एक गिऱ्हाईक. वय चाळिशीचं, अंगात चुरगळलेलं पण महागडं लिनन, आणि व्हिजिटिंग कार्डावर ‘चीफ अलाइनमेंट ऑफिसर’. रास अल खैमाच्या डोंगरातल्या एका रिसॉर्टवर ते कंपन्यांच्या साहेबलोकांना घेऊन जायचे आणि तिथे त्यांना स्वतःची ओळख करून द्यायचे. त्यासाठी त्यांना रून नावाच्या जुन्या युरोपी लिपीतल्या अक्षरांचे चाळीस लाकडी संच हवे होते. एका संचात चोवीस पट्ट्या, प्रत्येकीवर एक अक्षर. पिशवीत हात घालायचा, एक अक्षर काढायचं आणि त्यावर चिंतन करायचं. काम हातानेच कोरलेलं हवं, लेझर नको, आणि सोबत प्राचीनतेचं सर्टिफिकेट हवं. सर्टिफिकेट आम्ही छापूनच द्यायचो, त्यामुळे त्यात अडचण नव्हती.

संच चोवीसांचा असला तरी त्यांना प्रत्येकात पंचविसावी पट्टी हवी होती. तिच्यावर काहीच नसणार, कोरी. ही कोरी पट्टी सगळ्यात शक्तिशाली, असं ते म्हणाले. तरीही तिच्यावर काही कोरायचं नाही म्हणून तिचा दर कमी लावा, असाही आग्रह त्यांनी धरला. मी चीफ अलाइनमेंट ऑफिसर नसल्यामुळे या दोन विधानांचा मेळ मला घालता आला नाही.

त्या रात्री जेवताना घरी विषय काढला. माझी मुलगी ऋचा इथेच वाढलेली, आता एका बँकेत नोकरीला आहे. ती मान वर न करता म्हणाली, “बाबा, एव्हरीबडी नोज रून्स.” मग तिने टेबलावर पाण्यात बुडवलेल्या बोटाने तिचं नाव त्या लिपीत लिहून दाखवलं. कॉम्प्युटर गेममध्ये शिकली म्हणे. मी म्हटलं, “आता देवनागरीत लिही.” तिने पाणी पुसून टाकलं. तिची आई म्हणाली, “जेवू दे तिला.”

मग मी वाचायला बसलो. संशयी माणूस कुठल्याही गोष्टीची टिंगल करण्याआधी ती नीट वाचतो, एवढं पथ्य मी पाळतो. वाचलं आणि टिंगल करायची राहून गेली. युरोपच्या उत्तरेकडच्या शेतकऱ्यांची, दर्यावर्दींची ही लिपी. प्रत्येक अक्षराला नाव असतं आणि त्या नावाला अर्थ: गुरं, गारा, गरज, प्रवास, बर्फ, दिवस, वडिलांचं घर. जादूटोणाही थोडा झाला असेल, पण सापडलेल्या पुष्कळ काठ्यांवर आणि हाडांवर अगदी साधा मजकूर आहे. ही वस्तू अमक्याची. एका काठीवर कुणी एक बाई नुसतं सांगते आहे, की आता घरी चल. आणि दगडांवर ठरलेला साचा: अमकीने तमक्यासाठी हा दगड उभा करवला, अमक्याने अक्षरं कोरली. कोरणाऱ्याचं नाव! आमच्या धंद्यात कोरणाऱ्याचं नाव कुणी पाहिलंय? आमच्याकडे मागच्या बाजूला कंपनीचा स्टिकर असतो, आणि तो गिऱ्हाईक आधी खरवडतं.

कोऱ्या पट्टीचाही तपास लागला. जुन्या कुठल्याही अवशेषात ती नाही, ती गेल्या शतकात कुणीतरी घुसडली आहे. मी करणना फोन करून हे सांगितलं. ते म्हणाले, “सर, ब्लँक तो सबसे प्रीमियम है. लोग वही निकालना चाहते हैं.”

कोरीव काम करणार होता बाबू सावंत. कुडाळजवळचा. लाकूडकामात आमच्या कारखान्यात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता. तसा लाकूडकामात तो एकटाच उरला होता हेही खरं. लोकांना आता काच आवडते. मी त्याच्यापुढे अक्षरांचा तक्ता ठेवला. त्यात सगळ्या उभ्या आणि तिरक्या रेघा. एकही आडवी नाही, एकही वळण नाही. मी आदल्या रात्री पुस्तकात वाचलेलं त्याला सांगू लागलो, की काठीवर लाकडाचे धागे आडवे धावतात, आडवी रेघ मारली तर ती धाग्यात हरवते किंवा लाकूड तडकतं, म्हणून त्या लोकांनी ती ठेवलीच नाही. सावंत म्हणाला, “मग आपल्यात अक्षराच्या डोक्यावर रेघ कोणी घातली? सुतार नसणार तो.” या प्रश्नावर मी बराच विचार केला आहे. आपली अक्षरं दोरीवरच्या कपड्यांसारखी लटकतात, आणि ही कुडाच्या मेढींसारखी जमिनीत रोवलेली. दोन्हींत राहता येतं.

बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या बोटभर पट्ट्या, वर सावंतची पटाशी. दोन घाव, एक उभा, एक तिरका, आणि अक्षर उभं. काही दिवसांत त्याला तक्ता पाहावा लागेना. एकदा मी विचारलं, कुठलं अक्षर आवडतं? त्याने ‘बर्फ’ दाखवलं. नुसती एक उभी रेघ. म्हणाला, “एका घावात तयार होता.” ऑगस्टमध्ये शारजाच्या पत्र्याखाली बसून बर्फ आणि गारा कोरणं हीसुद्धा एक प्रकारची तपश्चर्याच.

संच पूर्ण होत आले तेव्हाच मालकांनी लाकूडविभाग बंद करायचा निर्णय घेतला. मालक वाईट नव्हते. त्यांनी सावंतपुढे दोन गोष्टी ठेवल्या. रास अल खैमाच्या नव्या युनिटमध्ये स्टोअरकीपर म्हणून जा, पगार तोच, व्हिसा चालू. नाहीतर हिशेब घ्या आणि गावी जा. उत्तर सोमवारी. निरोप सांगायचं काम माझ्याकडे आलं. सावंतने ऐकून घेतलं आणि पटाशीला धार लावायला घेतली. ज्या माणसाला यापुढे पटाशी लागणार नाही त्याला ती घासताना पाहणं हे मॅनेजरच्या कामाचं वर्णन लिहिताना कोणी धरत नाही.

शुक्रवारी दुपारी मशिनी बंद असतात. निम्मा कारखाना नमाजाला गेलेला. मागे उरलो मी, सावंत आणि पॅकिंगचा बिजू. बिजू कोट्टयमचा, सावंतच्याच खोलीत राहायचा. डबे उघडले, पण सावंतने त्याचा उघडला नाही. त्याने शेल्फवरून पट्ट्यांची एक पिशवी काढली, बाकावर ठेवली आणि मला विचारलं, “साहेब, यावर कौल लागात काय?”

मला कौलाविषयी ऐकून माहीत होतं. कोकणात देवळात देवाच्या मूर्तीला पाकळ्या चिकटवतात. गुरव देवाला गाऱ्हाणं घालतो, म्हणजे प्रश्न मोठ्याने मांडतो. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी सावंतला सांगितलं, की ही अक्षरं असं हो-नाही सांगत नाहीत, आणि सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवण्याइतका मी अजून म्हातारा झालेलो नाही. तो म्हणाला, तुम्ही विश्वास ठेवू नका, तुम्ही फक्त अक्षराचा अर्थ सांगा, तुम्ही वाचलंय. अशा रीतीने पुण्याचा एक नास्तिक शारजात गुरव झाला.

सावंतने चपला काढल्या. हात जोडून, डोळे मिटून त्याने गाऱ्हाणं सुरू केलं. गावच्या देवाला, वेशीवरच्याला, बारा-पाचाच्या देवस्थानाला हाक मारली. प्रत्येक वाक्यानंतर बिजू अगदी गंभीरपणे “व्हय म्हाराजा” म्हणत होता. एका खोलीत राहून त्याला एवढी मालवणी आली होती. प्रश्न असा होता: रास अल खैमाला जाऊ, की घरी?

हात आत गेला, पट्टी बाहेर आली. कोरी.

मी लगेच सुरुवात केली, की ही कोरी पट्टी खरी नव्हे, गेल्या शतकातली बनवाबनवी आहे. सावंतने मला हाताने थांबवलं. कधी कधी पाकळी पडतच नाही, तो म्हणाला. तासभर बसलं तरी पडत नाही. मग जुना गुरव ओरडतो, की देव गप्प आहे कारण तू प्रश्न नीट मांडला नाहीस. पुन्हा मांड.

एवढी पुस्तकं वाचून कोऱ्या पट्टीचा इतका चांगला उपयोग मला सुचला नव्हता.

त्याने पट्टी परत टाकली, पिशवी हलवली. या वेळी गाऱ्हाणं छोटं झालं, देव कमी झाले. घरी गेलो तर हाताला काम मिळेल का? पुन्हा कोरी.

बिजू “व्हय म्हाराजा” म्हणायला विसरला.

सावंत स्टुलावर बसला. मग तो देवाशी न बोलता आमच्याशीच बोलू लागला. दर दोन वर्षांनी महिनाभर घरी जातो, म्हणाला. गेलो की बायको पाहुण्यांसाठी ठेवलेलं ताट काढते. नवीन चादर काढते. मी कोयता हातात घेतला तर मुलगा म्हणतो, बाबा तुम्ही बसा. शेजारचे येऊन विचारतात, कधी आलात, आणि लगेच विचारतात, कधी जाणार. दोन्ही प्रश्न एकाच श्वासात. मुलाने आता होमस्टे चालू केलं आहे, त्याचं बरं चाललं आहे, सून चांगली आहे. सगळ्यांना आपापली जागा आहे. मी पैसे पाठवतो तोवर माझीही आहे.

तो उठला. तिसऱ्या खेपेला हात जोडले नाहीत. पिशवीकडे बघून म्हणाला, “मी कायमचो घराकडे गेलंय, तर माझी कोणाक अडचण तर होऊची नाय मां?”

कोरी.

आता मला राहवेना. संशयी माणसाला एकदा योगायोग चालतो, दोनदाही चालतो. मी पिशवी उचलून बाकावर उलटी केली. साठ-सत्तर पट्ट्या पसरल्या आणि त्यातल्या एकीवरही काही नव्हतं. बिजूने जीभ चावली. “सर, ये तो एक्स्ट्रा ब्लँक का पाउच है. मैंने ही अलग रखा था.” करणना ऐन वेळी कमी पडू नयेत म्हणून त्याने जादा कोऱ्या पट्ट्या एका पिशवीत भरून ठेवल्या होत्या. अक्षरांची पिशवी वरच्या फळीवर होती. सावंतने हात घातला होता तो खालच्या.

मी हसलो. मग सावंतही हसला, खांदे हलवत, आवाज न करता. बिजू बिचारा स्टुलावर चढला आणि म्हणाला, लेटरवाला दूं क्या?

“नको,” सावंत म्हणाला. “प्रश्न गावलो.”

आणि त्याने तिथेच फोन लावला. आयुष्यभर मशिनीजवळ राहून त्याला कमी ऐकू यायचं, म्हणून फोन कायम स्पीकरवर. उठून जावं की बसावं हे आम्हाला ठरवता येण्याआधी पलीकडून त्याच्या बायकोचा, सुमित्राचा आवाज आला. तिला वाटलं तब्येत बिघडली, कारण हा माणूस शुक्रवारी दुपारी कधी फोन करत नसे. त्याने प्रस्तावना केली नाही. तिसरा प्रश्न जसाच्या तसा विचारला, फक्त देवाच्या जागी ती.

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या.

“इतकी वर्सां झाली, आज इचारतास?” ती म्हणाली. आणि मग म्हणाली, “येवा. पण पावण्यासारखे येव नकात. पडवेचो वासो कुसलोहा, टेको देवन ठेवलोहा. तो बदलूक दुसरो कोण येवचो?”

सावंतने वाशाची लांबी विचारली. तिने सांगितली. जाडी विचारली. मग ती दोघं लाकडाविषयी बोलत राहिली, फणस घ्यावा की किंजळ, आणि मी व बिजू आपापल्या डब्यात बघून जेवलो.

सोमवारी त्याने मालकांना उत्तर दिलं. मालक मला म्हणाले, त्याला समजावून सांगा, तिकडे गेल्यावर पस्तावेल. मी सांगतो म्हणालो आणि सांगितलं नाही. निरोपसमारंभात त्याला आमच्याच कारखान्यातलं क्रिस्टल दिलं. ‘इन रेकग्निशन ऑफ’ वगैरे. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं, मागचा स्टिकर नखाने काढला आणि बिजूकडे दिलं. स्वतःबरोबर त्याने पटाश्या आणि अक्षरांचा तक्ता नेला. करणचे चाळीस संच वेळेवर गेले. त्यांच्या साहेबलोकांना आत्मज्ञान झालं की नाही कळलं नाही, पण पुढच्या वर्षी त्यांनी ॲक्रिलिकमध्ये विचारणा केली.

मला खंत एवढीच, की लाकूडविभाग वाचवण्यासाठी कोणाकडे काय मागायला हवं होतं तो प्रश्न मी कधी नीट मांडला नाही. मालकांसमोर मी नेहमी सावंतच्या पहिल्या गाऱ्हाण्यासारखे प्रश्न मांडले, पुष्कळ देवांना हाक मारून.

मी निवृत्त झालो तेव्हा ऋचाने मला तिच्या व्हिसावर घेतलं. आयुष्यभर मी तिचा स्पॉन्सर होतो, आता ती माझी. टेबलावर माझ्याकडे एक संच आहे, पट्ट्यांवर घाव थोडे चुकल्यामुळे बाजूला काढलेला. सकाळी चहाबरोबर मी एक पट्टी काढतो. भविष्य मला कळत नाही आणि पट्टीलाही कळत नाही. पण ‘प्रवास’ किंवा ‘गरज’ किंवा ‘गारा’ असं काही हातात आलं, की आज आपल्याला नेमकं काय विचारायचं आहे ते शोधावं लागतं, आणि शोधताना चहा निवतो. पुण्याला परत जावं का, हा आमच्या घरातला जुना प्रश्न. परवा मी तो ऋचाला सावंतच्या तिसऱ्या प्रश्नासारखा विचारला, की इथेच राहिलो तर माझी तुला अडचण तर नाही ना. ती इंग्रजीत सुरू झाली, मध्येच थांबली आणि मराठीत म्हणाली, “थांबा ना बाबा. मला लिहायला शिकायचंय.” सध्या ती देवनागरी लिहिताना आडवी रेघ शेवटी मारते. आधी अक्षरं उभी करते, मग दोरी ओढते. हरकत नाही.

गेल्या महिन्यात सावंतने फोटो पाठवला. पडवीचा नवा वासा, किंजळीचा, पिवळसर. शेवटच्या टोकाला दोन ओळी कोरलेल्या, सगळ्या उभ्या आणि तिरक्या रेघा, एकही आडवी नाही. खाली त्याने लिहिलं होतं, की गावात कोणाला वाचता येत नाही, गुरव म्हणतो मंत्र असणार, आणि होमस्टेला आलेल्या मुंबईच्या बाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं.

मी तक्ता काढला. ऋचा खांद्यावरून बघत होती, ती माझ्या आधी वाचायला लागली. एकेक अक्षर लावत आम्ही दोघांनी ते मिळून पुरं केलं. हजार वर्षांपूर्वीच्या दगडांवर असायचा तोच साचा होता, कोणी करवलं आणि कोणी केलं.

सुमित्रान सांगल्यान. बाबून बसयल्यान.

प्रमुख पाहुण्यांचं नाव कुठेच नव्हतं.